नऊ या अंकाची साक्ष

मुठा नदीकांठचें वारजे हें गांव आतां पुणें शहराचाच एक भाग झालें आहे. तेथील एखाद्या गृहसंस्थेंत वर्षअखेरचा जमाखर्च मांडला जात आहे, अशी कल्पना करावी. पावत्यांची बेरीज आणि वहीची बेरीज जुळत नाहीं. वहींत २७० रुपये कमी भरतात. वर्गणी गोळा करणाऱ्या गरीब माणसाकडे सर्वांचे डोळे वळतात. अशा वेळीं शहाण्या हिशेबनिसानें प्रथम २७० ला नवांनी भाग जातो कीं नाहीं, तें पाहावें.

येथें तो जातो. तेव्हां संशय माणसावर घेण्यापूर्वीं अंकांवर घ्यावा. ५२० च्या जागीं चुकून २५० लिहिले गेले, तर फरक नेमका २७० पडतो. दशकाच्या घरांतला अंक एककाच्या घरीं आला, कीं त्याची किंमत दहापटीवरून एकपट होते, म्हणजे नऊपट घटते. एककाचा अंक दशकांत गेला, तर ती नऊपट वाढते. अर्थात् अंकांच्या अदलाबदलीनें पडणारा फरक नेहमीं नवाच्या पटींतच असतो.

अंकांची बेरीज नवानें भागली जात असेल, तर संख्याहि भागली जाते, हा नियम मुलें शाळेंत घोकतात. त्याचें कारणहि हेंच. १० म्हणजे ९ आणि १, १०० म्हणजे ९९ आणि १. नवाचे गठ्ठे बाजूला काढले, कीं प्रत्येक घरीं केवळ तो अंकच शिल्लक राहतो. वारज्याचा पिनकोड ४११०५८ घ्या. अंकांची बेरीज १९; १ आणि ९ मिळून १०; पुन्हां १ आणि ० मिळून १. म्हणून नवानें भागल्यास बाकी १ उरते. शेवटचा अंक सम, म्हणून दोनानें भाग जातो. परंतु शेवटच्या ५८ ला चारानें भाग जात नाहीं, म्हणून संपूर्ण संख्येलाहि जात नाहीं. शंभराला चारानें भाग जात असल्यामुळें मागचे अंक पाहण्याचें कारणच उरत नाहीं.

अंकांशीं असा स्नेह जडलेले एक शिक्षक महाराष्ट्रांत होऊन गेले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे १९३० पासून १९६२ पर्यंत देवळाली येथें शिकवीत होते. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनें निःशेष भाग जातो, तिला त्यांनीं ‘हर्षद’ म्हणजे आनंद देणारी असें नांव दिलें. १७२९ पाहा: अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. कारण समजलें, कीं असा आनंद कोणत्याहि मुलाला मिळूं शकतो. नुसत्या घोकंपट्टींतून मात्र भीतीच वाढते.

तथापि नवाची साक्ष हा पुरावा नव्हे. खरोखरच २७० रुपये गहाळ झाले, तरी त्यांनाहि नवानें भाग जाणारच. ही कसोटी कोठें शोधावें एवढेंच सांगते. निर्णय मूळ पावती पाहूनच द्यावा. पण त्या शोधांत ५२० ची पावती सांपडली आणि वहींत तेथें २५० दिसले, तर एका निरपराध माणसाची अब्रू वांचते. घरोघरच्या मुलांना भागाकाराचे नियम शिकवितांना त्यांचीं कारणेंहि सांगावींत, तीं याचसाठीं.