नगराची आकाशरेषा

कोणतेही नगर दुरून पाहावे. आकाशावर उमटलेली त्याची रेषा त्याच्या स्वभावाची साक्ष देते. जबलपूरची ही रेषा मुख्यतः निसर्गाने आखलेली आहे. मदनमहालच्या टेकड्यांवर ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा एकीवर एक ठेवल्यासारख्या दिसतात, आणि अशाच एका शिळेच्या माथ्यावर गोंड राजांचा छोटेखानी महाल उभा आहे. बांधणाऱ्यांनी खडकाची उंची उसनी घेतली, खडक मात्र राखला.

अमेरिकन नगरांची रेषा याच्या उलट, सर्वस्वी मानवनिर्मित. १८७१ च्या आगीत शिकागोचा मध्यभाग जळाला. नव्या उभारणीत, १८८५ साली, तेथे लोखंडी-पोलादी सांगाड्यावर तोललेली दहा मजल्यांची होम इन्शुरन्स इमारत उभी राहिली. भिंतींचा भार सांगाड्याने उचलताच उंचीला धरबंध राहिला नाही. १९३१ साली न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत १०२ मजल्यांवर पोचली.

परंतु त्या नगरांनीही उंचीला मर्यादा घातल्या आहेत. रस्त्यांवर ऊन व वारा पोचावा म्हणून न्यूयॉर्कने १९१६ मध्ये नियम केला. त्यामुळे तेथील इमारती वर जाताना पायरीपायरीने मागे सरल्या. वॉशिंग्टनमध्ये १९१० च्या कायद्याने इमारतीची उंची समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधली गेली. म्हणूनच तेथे संसदगृहाचा घुमट आणि वॉशिंग्टन स्तंभ आजही दुरून नजरेत भरतात. फिलाडेल्फियात तर केवळ संकेत होता: नगरभवनावरील विल्यम पेनच्या पुतळ्याहून उंच कोणी बांधावयाचे नाही. तो अनेक दशके पाळला गेला आणि १९८७ साली पुऱ्या झालेल्या एका इमारतीने मोडला. कायद्याचे पाठबळ नसलेला संकेत एका इमारतीसरशी संपला.

जबलपूरला याचे महत्त्व आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपात येथील असंख्य घरांना तडे गेले. मदनमहालजवळची, केवळ एका टोकावर तोललेली सुप्रसिद्ध शिळा मात्र जागची हलली नाही. भूकंपाने जे ढळले नाही, ते वाढत्या वस्तीच्या वेढ्यात झाकून जाऊ शकते. घरे तर हवीतच. निवाऱ्याची गरज कोणी नाकारू शकत नाही. मात्र टेकड्यांच्या पायथ्याशी किती मजले चढवावयाचे, हे त्या शिळा डोळ्यांसमोर आहेत तोवरच ठरविले पाहिजे, आणि ते नुसत्या संकेतावर सोडून चालणार नाही.