अमेरिकेतील महाविद्यालयांचे साह्यपत्र कसे वाचावे
(वार्षिक संमेलनातील भाषण)



अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या एका ज्ञातिबंधूंनी गेल्या वर्षी कन्येस महाविद्यालयाकडून आलेले पत्र आम्हांस दाखविले. तीस हजार डॉलरांचे साह्य मिळाले म्हणून येथे आजोबांनी पेढेही वाटले होते. पुढे उरलेल्या खर्चाचा आकडा कळला, तेव्हा गावचे घर विकण्याची भाषा सुरू झाली. असा प्रसंग इतरांवर येऊ नये, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

तेथील सरकारी साह्याच्या अर्जास ‘फॅफ्सा’ म्हणतात. तेथील नागरिकांस व कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांस तो करता येतो. येथून विद्यार्थी म्हणून जाणाऱ्यांस सरकारी साह्य मिळत नाही. त्यांनी महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधीचीच चौकशी करावी. अर्जातील उत्पन्न व मालमत्ता यांवरून पूर्वी ‘अपेक्षित कौटुंबिक वाटा’ ठरवीत. २०२४-२५ पासून त्याच्या जागी ‘विद्यार्थी साह्य निर्देशांक’ आला. पूर्वी दोन भावंडे एकाच वेळी महाविद्यालयात असली, की पालकांचा वाटा विभागला जाई. ती सवलत आता सरकारी हिशेबात राहिली नाही.

एकूण खर्चातून हा निर्देशांक वजा केला म्हणजे ‘गरज’ निघते. परंतु ती सर्व गरज भागविण्याचे बंधन बहुतेक महाविद्यालयांवर नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता त्या पत्राचाच हिशेब पाहू. वर्षाचा एकूण खर्च ६०,००० डॉलर, निर्देशांक १८,०००. म्हणजे गरज ४२,०००. साह्य ३०,०००, त्यांपैकी अनुदान २२,०००, कर्ज ५,५०० आणि कामाचा मोबदला २,५००. अनुदान तेवढे परत करावयाचे नाही. कर्ज व्याजासह फेडावयाचे. मोबदला तर काम केल्यावरच हाती येणार. म्हणून खर्चातून केवळ अनुदान वजा करावे. खरा भार ३८,००० डॉलरांचा झाला. निर्देशांकाच्या दुपटीहूनही अधिक!

त्याच मुलीस दुसऱ्या महाविद्यालयाने १८,०००च देऊ केले होते. म्हणून ते पत्र बाजूस पडले होते. परंतु ती सर्व रक्कम अनुदानाची होती आणि खर्च ४८,००० होता. म्हणजे भार ३०,०००. लहान दिसणारे साह्यच वर्षाला आठ हजारांनी स्वस्त ठरले. मुलगी तेथेच गेली, आणि घरही राहिले.

आणखी दोन गोष्टी सांगतो. अनुदान चारही वर्षे चालू राहील काय, व त्यासाठी किती गुण राखावे लागतील, हे आधीच लेखी विचारावे. तसेच हिशेबात दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरलेले असते; मध्यंतरी नोकरी गेली असेल वा आजारपणाचा मोठा खर्च झाला असेल, तर कागदपत्रांसह फेरविचाराची विनंती करावी. अशी विनंती करण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र माहिती खरीच द्यावी.

आपल्या वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मुले शिकविली. ती परंपरा आपण अवश्य चालवावी. परंतु ऋण काढून सण करण्यापूर्वी ऋण कोणते व देणगी कोणती, एवढे तरी ओळखावे.