घरातलं मांजर अंगणात नेताना

श्रीगोंदा तालुक्यातलं काष्टी म्हटलं की जनावरांचा बाजार आठवतो. तिथं मांजराला कोण विचारतो? पण घरातच वाढलेल्या मांजराला बाहेर सोडायचं, तर या उसाच्या पट्ट्यात जपावंच लागतं. मोकाट कुत्री, रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर आणि अंधार पडला की बिबट्या!

सगळ्यांत फसवा धोका मात्र उंदरांच्या औषधाचा. ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होतो, आणि मांजराच्या तोंडी आयता लागतो. या विषानं रक्त गोठत नाही. लक्षणं दिसायला काही दिवस जातात. म्हणून शेजारच्या रानात औषध टाकलंय का, हे आधी विचारा.

मांजराच्या गळ्यात दोरी नको. छातीला बसणारा पट्टा घ्या, आणि त्याची सवय आधी घरातच करा. बाहेर न्यायचं ते जेवणाआधी. भुकेलं मांजर हाकेला लवकर परततं. दिवस मावळायच्या आत ते घरात हवं.

आणि रेबीजची लस? तीन महिन्यांचं पिल्लू झालं की पहिली, पुढे पशुवैद्यक सांगतील तशी. ती टोचल्याशिवाय मांजर उंबऱ्याबाहेर नेऊ नका.