अश्रुधूर, सैनिक आणि मुलकी सत्ता
(सीमाभागातील बंदोबस्ताविषयीच्या व्याख्यानाचा मजकूर)

बीदर व कलबुर्गी हे सीमावर्ती जिल्हे पूर्वी हैदराबाद संस्थानात होते. तेथे १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात भारतीय सैन्याने केलेल्या कारवाईस ‘पोलीस कारवाई’ असे नाव मिळाले. रझाकारांच्या जुलमाचा तिने अंत केला. परंतु त्यासोबत व त्यानंतर जो हिंसाचार उसळला, त्याची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने बीदर, गुलबर्गा, उस्मानाबाद व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळलेले म्हणून नोंदविले. लढाई जिंकणे आणि शांतता राखणे ही दोन भिन्न कामे होत, हा त्या दिवसांचा धडा आहे.

या दुसऱ्या कामात लाठी व गोळी यांच्यामधील साधन म्हणजे अश्रुधूर. सीमा सुरक्षा दलाने ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे त्याच्या निर्मितीचे केंद्र १९७६ साली स्थापन केले. १९९३ च्या रासायनिक अस्त्रबंदी कराराने अशा द्रव्यांचा युद्धातील वापर निषिद्ध ठरविला. दंगल आवरण्यासाठी मात्र मुभा ठेवली. या भेदास इतिहासाचा आधार आहे. पहिल्या महायुद्धात १९१४ साली अश्रुवायूने आरंभ झाला आणि पुढच्याच वर्षी प्राणघातक क्लोरिन सोडण्यात आला. रणभूमीवर कोणता वायू आला याची शहानिशा करण्यास शत्रूला उसंत नसते.

शांतिसैनिक या दोन क्षेत्रांच्या सीमेवर उभा असतो. यास्तव संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांत जमाव हाताळण्याचे काम मुख्यतः पोलीस तुकड्यांकडे सोपविले जाते. भारताची महिला पोलीस तुकडी २००७ पासून लायबेरियात अशीच कार्यरत होती.

देशांतर्गत बंदोबस्तातही हाच दंडक आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ नुसार दंडाधिकाऱ्याने पाचारण केलेल्या लष्करी अधिकाऱ्याने जमाव पांगविण्यास लागेल तेवढेच किमान बळ वापरावयाचे असते आणि जीवितास व मालमत्तेस कमीत कमी इजा पोहोचवावयाची असते.

अश्रुधूर हा वस्तुतः वायू नसून सूक्ष्म कणांचा धूर आहे. बंद जागेत किंवा चिंचोळ्या गल्लीत तो साचून राहतो; दम्याचे रुग्ण, वृद्ध व बालके यांना त्याचा विशेष त्रास होतो. नळकांडे डोक्यावर बसल्यास मृत्यूही ओढवतो. सबब वापरापूर्वी स्पष्ट इशारा द्यावा, वाऱ्याची दिशा पाहावी, जमावास निघून जाण्यास वाट मोकळी ठेवावी आणि जखमींवर विनाविलंब उपचार व्हावेत. एवढी दक्षता घेतली, तरच हे साधन गोळीबार टाळण्याच्या कामी येते.