मिळून शिकताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सन २०२० च्या टाळेबंदीत मंडळाचे दार बंद झाले, तेव्हा आपण काही जणींनी व्हॉट्सॲपवर गट काढून मोडी शिकावयाचे ठरविले. पुण्याच्या पेशवे दप्तरात जसे मोडी कागद आहेत, तसे ते आपल्या माहेरच्या पेट्यांतही आहेत. हौस मोठी होती. पण वर्गात बाई समोर असतात. येथे साऱ्याच विद्यार्थिनी! प्रश्न विचारावा, तर तो 'सुप्रभात'च्या फुलांखाली गडप. दोघीतिघी उत्तरे देणार, बाकीच्या गप्प. समजले म्हणून गप्प, की लाज वाटते म्हणून, हे फोनवर कसे दिसावे?

मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द तोडून लिहिण्याची चालही नाही. अक्षरे ओळखता आली तरी अर्थ लावावयास चार डोकी लागतात. एका मावशींनी माहेरच्या जुन्या खरेदीखताचा फोटो टाकला. त्यात 'घरासमोरीआड' असे होते. एकीने झटपट लिहिले, 'घरासमोरी आड.' पाठोपाठ आम्ही अंगठे उठविले. मावशींनी भीतभीत विचारले, "'घरास मोरी, आड' असे तर नसेल?" त्यावर हसरी तोंडे आली. त्यांतले एक माझे होते.

मावशी त्यानंतर गटात बोलल्याच नाहीत. महिन्याने मी फोन केला, तेव्हा म्हणाल्या, "अगं, पुढची ओळ वाचलीस का? गोठा, परस, उखळ..." घराबरोबर काय काय दिले, त्याची ती यादी होती! म्हणजे आड घराच्याच मालकीचा. आम्ही सगळ्या एकमताने चुकलो होतो, आणि बरोबर वाचणारीला गप्प बसविले होते. मला फार ओशाळल्यासारखे झाले.

मग आम्ही नियम केले. प्रत्येकीने आधी आपले वाचन वहीत लिहावे. रात्री नऊपर्यंत गटात उत्तर टाकू नये. उत्तरासोबत कारण द्यावे. शुभेच्छांचा गट निराळा ठेवावा. आणि आठवडाभर जी बोलली नाही, तिला कोणीतरी फोन करावा. हळदीकुंकवाला एखादी आली नाही, तर आपण तिच्या घरी चौकशी करतोच ना? तसेच हे.

मावशी परत आल्या. आता शंका काढण्याचे काम त्यांच्याकडेच आहे, आणि त्या आम्हां कोणालाही सोडीत नाहीत!