वाढत्या मुलींचा पोशाख आणि शाळेची दृष्टी

(नागपूर जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



विदर्भातील शाळा उन्हाळ्यानंतर जूनअखेर उघडतात. हजेरीपटावर नावे तीच असतात. परंतु पाचवी ते आठवीच्या वर्गांतील मुली मात्र त्याच राहिलेल्या नसतात. गेल्या वर्षी शिवलेला झगा खांद्यांत आवळतो आणि बाही काखेत काचते. उत्तर येत असूनही अशी मुलगी हात वर करीत नाही, कारण हात वर केला तर शिवण उसवेल अशी तिला धास्ती असते. कवायतीच्या तासाला तिचे पोट दुखते. पुढे ती मागच्या ओळीत बसू लागते आणि हळूहळू तिच्या गैरहजेरीचे दिवस वाढतात. शिक्षक तिच्या नावापुढे ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा लिहितात. शेरा खोटा नसतो. परंतु कारण शिवणीत दडलेले असते, ते कोणाच्या ध्यानी येत नाही.

अकरा ते चौदा या वयात मुलीची उंची झपाट्याने वाढते. वाढीचा वेग ऐन भरात असतो त्या वर्षी ती सुमारे ७ ते ९ सेंटिमीटरांनी उंच होते. उंचीबरोबर शरीराची ठेवणही बदलते. तेव्हा या वयात नव्या कपड्यांची गरज निर्माण होणे हा हौसेचा प्रश्न नसून शरीरधर्माचा आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी ‘हिला नटण्याची आवड लागली’ असे म्हणण्यापूर्वी एकवार मोजपट्टी हाती घ्यावी.

या गरजेवर दोन बाजूंनी ताण पडतो. एक ताण मैत्रिणींचा आणि बाजाराचा. अमुक तऱ्हेची सलवार, अमुक रंगाची जीन्स नसेल तर आपण मागासलेल्या ठरू, असे मुलीला वाटते. आणि आता मोबाईलच्या पडद्यावर शहरी मुलींचे कपडे खेड्यातही रोज दिसत असल्याने ही तुलना घरात येऊन बसली आहे. दुसरा ताण गावाचा. ‘आता तू मोठी झालीस’ या एका वाक्याने तिचा खेळ थांबतो आणि तिला न विचारता तिच्या खांद्यावर ओढणी येते. हे वाक्य पुष्कळदा तेथेच थांबत नाही. त्याच्या पाठोपाठ शाळा सोडण्याची आणि सोयरिकीची बोलणी सुरू होतात. एक ताण मुलीला दुसरीसारखी दिसावयास लावतो आणि दुसरा तिला दिसूच नये असे सांगतो. तिला स्वतःला काय सोयीचे आहे, हे मात्र दोघेही विचारीत नाहीत.

पोशाख ही क्षुल्लक गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी याच प्रांताचा इतिहास आठवावा. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांशी स्वतंत्रपणे संवाद साधला. लुगडे नेसण्याची जी तऱ्हा आणि अंगावरचे जे जड दागिने जातीची खूण म्हणून चिकटून राहिले होते, ते टाकून देण्यास त्यांनी सांगितले. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची मोठी परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली. तेथेही स्वच्छता राखा, मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, असा उपदेश त्यांनी केला. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात धम्मदीक्षेसाठी लाखो स्त्रीपुरुष शुभ्र वस्त्रे परिधान करून आले. त्यांतील बहुतेक जण कष्टकरी होते. परंतु त्या दिवशी वस्त्रावरून कोणाची पायरी ओळखता येत नव्हती.

या प्रसंगांपासून शिक्षकाने घ्यावयाचा बोध असा की, पोशाख बदलणे चांगले किंवा वाईट हा प्रश्नच नव्हे. दुसऱ्याने लादलेली खूण उतरविण्यासाठी केलेला बदल माणसाला ताठ उभे करतो. दुसऱ्याने लादलेली नवी खूण अंगावर घेण्यासाठी केलेला बदल त्याला वाकवितो. शाळकरी मुलीच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी.

आता प्रत्यक्ष उपाय पाहू. माता-पालकांच्या सभेत पुढील रीत शिक्षकांनी समजावून सांगावी.

पहिली गोष्ट, शाळा उघडण्यापूर्वी मायलेकींनी एका निवांत दुपारी कपड्यांची पेटी एकत्र उघडावी. प्रत्येक कपडा मुलीने घालून पाहावा, हात वर करावा, खाली वाकावे, मांडी घालून बसावे. मग तीन ढीग करावेत : जसेच्या तसे चालणारे, दुरुस्त करून चालणारे आणि धाकट्या बहिणीला किंवा शेजारी देण्याजोगे. या तपासणीत भावांना किंवा पाहुण्यांना बोलावू नये. पुष्कळ घरांत असे दिसून येते की, वाटले होते त्याच्या निम्मेच कपडे नवीन घ्यावे लागतात.

दुसरी गोष्ट, निवड मुलीची आणि मर्यादा घराची असावी. किती रुपये खर्च करता येतील हे आईबापांनी आधीच स्पष्ट सांगावे. त्या रकमेत रंग कोणता, झगा की सलवार, ओढणी हवी की नको, हे मुलीने ठरवावे. ‘आई, सगळ्याजणी तसलेच घालतात,’ असे ती म्हणाली तर रागावू नये. ‘सगळ्या म्हणजे कोण कोण, सांग बघू,’ असे शांतपणे विचारावे. नावे मोजू लागली की तिच्या ‘सगळ्या’ दोन किंवा तीन निघतात, आणि हे तिचे तिलाच कळते. मग ते कापड तिला खरोखर आवडते की त्या दोघींचे भय वाटते, हे ती सांगू शकते. आवडत असेल आणि परवडत असेल तर ते अवश्य घ्यावे. मुलीची प्रत्येक आवड मोडून काढणे हाही एक दबावच होय.

तिसरी गोष्ट, शिवणाऱ्याला माया भरपूर सोडण्यास सांगावे. बगलेत आणि कमरेत माया असली व खाली तीन बोटे दुमड असली, म्हणजे तोच कपडा वाढत्या अंगाला दीड-दोन वर्षे पुरतो. सुती कापड बेतण्यापूर्वी पाण्यातून काढून वाळवावे, म्हणजे पुढे आटत नाही. झग्याला आणि सलवारीला एक खोल खिसा अवश्य ठेवावा. आतील कपड्यांचा खर्च शेवटी नव्हे, प्रथम धरावा. ते नीट असतील तर साधा झगाही मुलगी निःशंकपणे घालते. नागपूरचा उन्हाळा पाहता अंगाला चिकटणाऱ्या चकाकत्या कापडापेक्षा सुती कापडच हितकर. काटोल-सावनेरकडे कापूस पिकतो आणि नागपुरात १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, हा इतिहास सांगून एखाद्या तासाला वेगवेगळी कापडे मुलामुलींच्या हाती द्यावीत. पाणी कोणते शोषते, लवकर कोणते वाळते, हे त्यांनी पाहिले म्हणजे कापडाची पारख जाहिरातीकडून शिकावी लागत नाही.

शाळेचे कर्तव्य याहून अवघड आहे. कोणत्याही मुलीच्या कपड्यांविषयी वर्गात चांगला अथवा वाईट एक शब्दही बोलू नये. ‘आज फार नटून आलीस,’ हे विनोदाने म्हटले तरी ते दिवसभर टोचते. आणि एकीची स्तुती केली की उरलेल्या वीसजणी आपापल्या बाह्या पाहू लागतात. कपडा फाटलेला वा तंग दिसला तर शिक्षिकेने मुलीशी एकटीशी बोलावे. शिक्षिका नसेल तर अंगणवाडी सेविकेची किंवा आशाताईंची मदत घ्यावी. शाळेत सुईदोरा, बटणे व टाचण्यांचा एक डबा असावा आणि टाके घालण्याचे शिक्षण मुलग्यांनाही द्यावे.

गणवेशाचा हेतूच मुळी हा की वर्गात गरीब-श्रीमंत ओळखू येऊ नये. सरकारी शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलींना वर्षाला दोन गणवेश देण्याची तरतूद समग्र शिक्षा योजनेत आहे. परंतु गेल्या वर्षीच्या मापाचा गणवेश पदरात पडला तर हेतू निष्फळ होतो. म्हणून मापे दरवर्षी नव्याने घ्यावीत, ती स्त्रीने घ्यावीत, आड खोलीत घ्यावीत आणि आकडे मोठ्याने उच्चारू नयेत.

मासिक पाळीचा विषय टाळून पोशाखाचा विचार पुरा होत नाही. डाग पडण्याच्या भीतीने काही मुली त्या दिवसांत घरी राहतात. जिल्हा परिषद शाळांतील मुलींना अल्प दरात सॅनिटरी पॅड मिळावेत म्हणून राज्य शासनाने मार्च २०१८ मध्ये अस्मिता योजना सुरू केली, ती याच अडचणीसाठी. शाळेत काही पॅड आणि गडद रंगाचा एखादा जादा परकर वा सलवार ठेवावी. ती कोठे आहे हे प्रत्येक मुलीला ठाऊक असावे आणि मागताना तिला कोणाला कारण सांगावे लागू नये.

या साऱ्याला फार पैसा लागत नाही. लागते ती दृष्टी. ज्या मुलीचा कपडा तिच्या मापाचा, तिच्या पसंतीचा आणि घराला झेपणारा आहे, तिला स्वतःच्या अंगाचा विसर पडतो आणि तिचे मन धड्यात रमते. येत्या जूनमध्ये मागच्या ओळीतील एखादी मुलगी निर्धास्तपणे हात वर करील, तेव्हा हे काम साधले असे शिक्षकांनी समजावे.