मुकी साक्ष



मी सातवी शिकलेली. चूकभूल पोटात घाला. कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर १९९४ साली एक लेकुरवाळी बाई नाहीशी झाली. पुढे रक्ताने माखलेले जाकीट सापडले. त्याला पांढरे केस चिकटलेले! तिच्यापासून वेगळा झालेला जोडीदार राहत होता, त्या घरी ‘स्नोबॉल’ नावाचे पांढरे मांजर होते. मांजरांचे व माणसांचे आजार अभ्यासणाऱ्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने केसाच्या मुळातील डीएनए त्याच्या रक्ताशी ताडून पाहिला, तो जुळला. बेटावरची इतर मांजरेही तपासली, कारण सगळीच एका गोतातली निघाली तर पुरावा फुकट! १९९६ साली तो माणूस खुनाबद्दल दोषी ठरला.

भगिनींनो, शेजारची मारहाण ऐकून आपण दार लोटून घेतो. मुक्या मांजराची साक्ष कोर्टाने मानली; आपल्याला तर देवाने तोंड दिले आहे. बाई जिवंत आहे तोवरच ते उघडू या.